परदेशी जुनी यंत्रे आणि विजेचा दाखला

सिल्वासाच्या व्यापाऱ्यांस सीमा ही गोष्ट नवी नाही. २ ऑगस्ट १९५४ पर्यंत या गावाभोवतीच पोर्तुगीज हद्द होती. आज पिपरिया, मसाट, आमली या भागांत सूत व प्लॅस्टिक यांचे कारखाने उभे आहेत, आणि परदेशात वापरलेली यंत्रे खरेदी करावी की नाही, हा प्रश्न आमच्या सभासदांपुढे वारंवार येतो. जुने यंत्र घेण्यात कमीपणा मुळीच नाही. तथापि त्याच्या विजेकडे पाहावे तितके कोणी पाहत नाही, असे आम्हांस वाटते.

आमच्या परिचयाच्या एका कारखान्यात पावसाळ्यात जपानहून एक जुने यंत्र आले. काळी तार म्हणजे न्यूट्रल, या येथील जुन्या सवयीने वायरमनने तिला हात घातला. जपानात व अमेरिकेत एकफेजी जोडणीत काळी तार जिवंत असते, न्यूट्रल पांढरी. जवळच्या सोबत्याने मेन स्विच पाडला म्हणून प्राण वाचले. परंतु त्या तरुणाची दोन बोटे अद्याप नीट मिटत नाहीत. विशेष हे की, यंत्राबरोबरचे सर्व दाखले जागच्या जागी होते!

हे दाखले नेमके काय सांगतात? सीमाशुल्कासाठी चार्टर्ड इंजिनिअरचा जो अहवाल लागतो, त्यात उत्पादनवर्ष, सद्यःस्थिती व किंमत यांचा विचार असतो. त्याचा मुख्य हेतू मूल्यनिश्चिती हा होय. युरोपीय यंत्रावरील ‘सीई’ चिन्ह म्हणजे, बहुतेक यंत्रांच्या बाबतीत, ते नवे असताना उत्पादकाने स्वतः दिलेली ग्वाही. त्यानंतर वीस वर्षांत कोणी कोणती तार बदलली, हे त्या चिन्हास कोठून ठाऊक असणार?

दुसरी गोष्ट फ्रीक्वेन्सीची. आपली वीज ५० हर्ट्झची, अमेरिका, कोरिया व तैवान येथील ६० ची. जपानात तर पूर्वेस ५० व पश्चिमेस ६०, कारण एकोणिसाव्या शतकात तोकियोने जर्मन व ओसाकाने अमेरिकन जनित्रे घेतली. ६० ची मोटार ५० वर चालविल्यास वेग एक षष्ठांशाने घटतो. व्होल्टेज तेवढेच ठेवल्यास मोटार तापते. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलील, फ्रीक्वेन्सी नव्हे.

वीज जोडण्यापूर्वी अर्थिंगची तार अखंड आहे काय हे पाहावे आणि ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन मोजावे. एक मेगोहमपेक्षा कमी वाचन आल्यास थांबावे. सागरी प्रवासात हीटर ओल धरतात. ते वाळवून पुन्हा मोजावेत. इमर्जन्सी स्टॉप दाबून यंत्र खरोखर थांबते की नाही, तेही पाहावे. विद्युत अधिनियम २००३ खालील विद्युत निरीक्षकाची तपासणी आपल्या जोडणीस लागू आहे काय, याची चौकशी यंत्र मागविण्यापूर्वीच करावी. अवजड उद्योग मंत्रालयाने २०२४ मध्ये यंत्रांच्या सुरक्षेचा व्यापक आदेश काढला व २०२५ मध्ये त्याच्या अंमलाची तारीख पुढे ढकलली. सौद्यावर सही करण्याच्या दिवशी त्याची स्थिती काय आहे, हे सल्लागारास अवश्य विचारावे.

वर सांगितलेल्या कारखान्याचे मालक आता विक्रेत्याकडून वायरिंगचा नकाशा हाती आल्यावाचून बयाणा देत नाहीत. त्या यंत्राच्या पॅनेलच्या दारावर आतून मेगरच्या वाचनांचा तक्ता चिकटविला असून, दर पावसाळ्यापूर्वी त्यात एक ओळ भरली जाते.