बीडच्या रुळांची तीस वर्षे

रेल्वे न पाहिलेला म्हातारा माणूस आमच्या जिल्ह्यात शोधायला फार लांब जावे लागत नसे. परळी वैजनाथ आणि अंबाजोगाई तालुक्यातले घाटनांदूर हा भाग सोडला, तर बीड जिल्ह्याला रूळ ठाऊक नव्हते. परळीची गाडी निजामाच्या काळातली. पुढे तिथे औष्णिक वीज केंद्र आले आणि कोळशाच्या वाघिणींनी स्टेशन गजबजले. जिल्ह्याचे ठिकाण असलेले बीड मात्र कोरडेच राहिले. गाडी धरायची तर एस.टी.ने नगर, जालना किंवा परभणी गाठायचे. 6 डिसेंबरला चैत्यभूमीकडे निघालेल्या आमच्या आया-बहिणींची अर्धी दमछाक रेल्वेत बसण्याआधीच होत असे.

नगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग 1995-96 साली मंजूर झाला. तेव्हा खर्च धरला होता सुमारे 353 कोटी. पुढे तो 4,800 कोटींच्या वर गेला. पैसा तुटपुंजा यायचा, जमिनीचे संपादन रेंगाळायचे, डोंगराळ भागात पूल आणि भराव घालायचे; एवढ्यात एक पिढी म्हातारी झाली. अखेर निम्मा भार राज्याने उचलायचे ठरले, तेव्हा काम हलले. दर निवडणुकीत ही गाडी भाषणातून धावायची, हे इथल्या पोराटोरांनाही पाठ होते.

2017 साली नगरपासून नारायणडोहपर्यंतच्या 12 किलोमीटरांवर चाचणी झाली. 23 सप्टेंबर 2022 रोजी नगर ते न्यू आष्टी या 66 किलोमीटरांवर डिझेलची डेमू गाडी सुरू झाली. वाटेत कडा लागते. आष्टी तालुका नगरला खेटून असल्याने त्याचा दवाखाना, बाजार, कॉलेज सारे नगरलाच. म्हणून इथल्या छोट्या स्टेशनांचे मोल मुंबई-पुण्याच्या माणसाला कळणार नाही. पुढच्याच वर्षी, 16 ऑक्टोबर 2023 रोजी, याच मार्गावरच्या गाडीला नगरजवळ आग लागली आणि पाच डबे जळाले. सुदैवाने एकाही प्रवाशाला इजा झाली नाही.

आष्टीच्या पुढे अमळनेर, विघनवाडी असे करीत रूळ बीडला पोचले. 17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते बीड-अहिल्यानगर गाडीला हिरवा झेंडा मिळाला (नगरचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे).

आनंद आम्हालाही आहे. पण एक गोष्ट नजरेआड करू नये. या जिल्ह्यातून सर्वात मोठ्या संख्येने बाहेर पडतो तो ऊसतोड मजूर. दसरा सरला की मुकादमाची उचल फेडायला नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, पोरे, भांडीकुंडी आणि कधी बैलांसह पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकाकडे निघते. ती जाते ट्रक-ट्रॅक्टरमधून, थेट फडावर. फडापाशी कुठले स्टेशन? बैल डब्यात कसे चढणार? तेव्हा गाडी आली म्हणून कोयत्याची वाट बदलेल, असे आम्हाला वाटत नाही. बदल झालाच तर तो त्या कोयत्याच्या मागे गावी राहिलेल्या पोरीचा होईल. कमी तिकिटात ती नगरला शिकायला जाऊ-येऊ शकली, तर पुढच्या हंगामात तिच्या हाती कोयता येणार नाही. त्यासाठी गाडीची वेळ कॉलेजच्या वेळेला जुळली पाहिजे. आमच्या मते, मागणी करायची तर आता हीच करावी.

जपानच्या होक्काइडो बेटावर क्यू-शिराताकी नावाचे एक चिमुकले स्टेशन होते. एका शाळकरी मुलीसाठी रेल्वेने ते चालू ठेवले, अशी गोष्ट जगभर गाजली. त्यात मीठमसाला बराच होता, पण ओसाड पडत चाललेल्या गावात शाळेच्या पोरांनाच त्याचा उपयोग उरला होता, हे खरे. 2016 च्या मार्चमध्ये, शाळेचे वर्ष सरताना, ते बंद झाले. तिकडे माणसे उरली नाहीत म्हणून स्टेशन मिटले. इकडे माणसे उदंड, आणि स्टेशनसाठी तीस वर्षे थांबलेली.

बीड ते परळी हा टप्पा बीडला गाडी आली तेव्हाही अपुराच होता. त्या दिवशी परळीच्या माणसाला बीडची पहिली गाडी पाहायची, तर एस.टी.नेच यावे लागले.