प्रज्वलनकाल जुळवणी

प्रज्वलनकाल जुळवणी म्हणजे पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लगची ठिणगी योग्य क्षणी पडावी यासाठी केलेली मांडणी. बोलण्यात तिला 'टायमिंग लावणे' म्हणतात. इंधनमिश्रण जळण्यास काही काळ लागतो. म्हणून दट्ट्या सर्वोच्च बिंदूस पोहोचण्यापूर्वीच ठिणगी पडावी लागते.

जुन्या रॉयल एनफिल्ड बुलेट ३५० गाड्यांत सीबी पॉइंट उघडताच ठिणगी पडते. घरी जुळवणी करताना प्रथम पॉइंटमधील कमाल अंतर फीलर गेजने ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवतात, कारण ते बदलल्यास टायमिंगही बदलते. नंतर प्लग काढून, दोन्ही झडपा बंद असताना, दट्ट्या सर्वोच्च बिंदूच्या ०.८ मिलिमीटर आधी आणतात. याच स्थितीत पॉइंट उघडू लागेल अशा बेताने त्याची तबकडी फिरवून स्क्रू आवळतात. चावी चालू असता ॲमीटरचा काटा उणे बाजूकडून मध्यावर परततो, तोच हा क्षण.

ठिणगी फार लवकर पडल्यास किक उलटून पायास इजा होऊ शकते, तसेच इंजिन ठोके देते. नागपूरच्या ४५ अंश सेल्सिअसच्या उन्हाळ्यात ही शक्यता वाढते. उशिरा पडल्यास गाडीची ओढ घटते व इंजिन अधिक तापते.