एक संध्याकाळ, तीन तालमी

१९५४ साली सुरू झालेल्या राज्य नाट्य स्पर्धेचा हंगाम आला, की गावोगावच्या हौशी नटांची तारांबळ उडते. स्पर्धेच्या नाटकात नायक, कामगार कल्याण केंद्राच्या नाटकात पोलीस, शिवाय कॉलेजच्या पोरांची एकांकिका बसवायची! गुणी माणसे मोजकीच. नाही कुणाला म्हणणार?

पण तो आला नाही, की त्याचे संवाद प्रॉम्प्टर वाचतो आणि ऑफिस, स्वयंपाक उरकून आलेली नायिका रिकाम्या खुर्चीकडे पाहून रडण्याची तालीम करते. एकच दागिना तीन बँकांत तारण ठेवता येत नाही, संध्याकाळही तशीच. जिथे मानधन नसते, तिथे दिलेला शब्द हीच पुंजी. वेळेवर दिलेला नकार हीसुद्धा रंगभूमीची सेवाच आहे.