उष्णतेची मोट : महादेवपुऱ्यातील न्हाणीघर आणि उष्णता-पंप

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. तेथील उन्हाळा दख्खनच्या इतर भागांइतका कडक नसतो, आणि हिवाळ्यात पहाटेचे उष्णतामान साधारणपणे १५ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. त्यामुळे घर उबदार ठेवण्यासाठी तेथे शेगडी लागत नाही. मात्र स्नानासाठी ऊन पाणी जवळजवळ बाराही महिने लागते. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी कर्नाटकात ‘नीरु तुंबुव हब्ब’, म्हणजे पाणी भरण्याचा सण, साजरा होतो. त्या दिवशी पाणी तापविण्याचा हंडा घासूनपुसून, सजवून भरून ठेवतात. आपल्याकडील अभ्यंगस्नानाच्या बंबाचाच हा सख्खा भाऊ होय.

त्या हंड्याची व बंबाची जागा आज बहुतेक घरांत विजेच्या गिझरने घेतली आहे. सकाळी सहा ते आठ या वेळात शहरातील असंख्य गिझर एकदम चालू होतात, आणि केवळ त्या दोन तासांच्या मागणीसाठी वीजमंडळाला जादा यंत्रसामग्री सज्ज ठेवावी लागते. १९०५ साली शिवनसमुद्रम् येथील जलविद्युत बंगळुरात येऊन दिवे लागले, तेव्हा वीज ही प्रकाशासाठी होती. पुढे एक दिवस तिच्यावर न्हाणीघरातील पाणीही तापवावे लागेल, असे तेव्हा कोणाच्या मनात आले नसेल.

सौर बंबाची मर्यादा

या अडचणीवर एक उत्तम उपाय म्हणजे सूर्याच्या उष्णतेवर चालणारा बंब. कर्नाटकात २००७ साली ठराविक आकाराच्या नव्या इमारतींना तो सक्तीचा करण्यात आला, आणि बंगळुरातील हजारो घरांच्या गच्चीवर तो दिसू लागला. स्वतंत्र घराला याहून स्वस्त उपाय नाही.

परंतु शहराच्या पूर्वेकडील महादेवपुऱ्यासारख्या भागात परिस्थिती निराळी आहे. एके काळी तलावांनी व शेतांनी वेढलेला हा भाग २००७ साली महानगरपालिकेत समाविष्ट झाला. कारखाने आणि संगणक-उद्योगाच्या कचेऱ्या यांच्या सान्निध्यात तेथे उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि महाराष्ट्रातून नोकरीनिमित्त आलेली अनेक कुटुंबेही तेथे स्थायिक झाली. अशा इमारतीत कुटुंबे शंभर असली तरी गच्ची एकच असते. त्यामुळे सूर्याचे ऊन पाणी बहुधा वरच्या मजल्यांनाच मिळते. खालपर्यंत नळ नेला तरी पाणी वाटेत निवते, आणि ऊन पाणी येईपर्यंत बादलीभर गार पाणी सोडून द्यावे लागते. कावेरी पाणीपुरवठ्याचा पाचवा टप्पा २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू होईपर्यंत या भागाचा बराच भार कूपनलिकांवर आणि टँकरांवर होता. अशा ठिकाणी बादलीभर पाण्याचे मोलही थोडे नव्हे.

मग खालच्या मजल्यावरील कुटुंबाने काय करावे? येथे उष्णता-पंपाचा विचार सुरू होतो.

विजेचा अपव्यय कोठे होतो?

गिझरमधील तारेच्या वेटोळ्यात विजेची उष्णता होते. एक युनिट विजेपासून ८६० किलोकॅलरी उष्णता मिळते, आणि तीपैकी जवळजवळ सर्व पाण्यात उतरते. यावरून गिझर अत्यंत कार्यक्षम आहे असे कोणी म्हणेल, आणि ते एका अर्थी खरेही आहे. परंतु ती वीज कोळशापासून झाली असेल, तर कोळशाच्या उष्णतेपैकी सुमारे एक-तृतीयांशच विजेच्या रूपाने हाती आलेली असते. एवढ्या सायासाने मिळविलेल्या उच्च प्रतीच्या ऊर्जेची पुन्हा कोमट उष्णता करणे, हे साजूक तूप ओतून चूल पेटविण्यासारखेच नव्हे काय?

आता विहिरीवरील मोटेचा विचार करू. बैल पाणी निर्माण करीत नाहीत. खाली असलेले पाणी ते फक्त वर आणतात. उष्णतेचेही तसेच आहे. ती आपण होऊन उष्ण वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते, जसे पाणी उताराकडे वाहते. तिला उलट दिशेने न्यावयाचे असेल तर श्रम खर्ची घालावे लागतात. आपल्या सभोवतालच्या २२ अंशांच्या हवेतही उष्णतेचा अफाट साठा आहे. तो आपल्याला ‘थंड’ भासतो इतकेच. या साठ्यातून उष्णता उपसून ५०-५५ अंशांच्या पाण्यात आणून ओतणारी मोट म्हणजे उष्णता-पंप.

विहीर जितकी उथळ, तितके बैलांचे श्रम कमी. त्याचप्रमाणे हवेच्या व पाण्याच्या उष्णतामानांतील अंतर जितके थोडे, तितकी वीज कमी लागते. फ्रेंच अभियंता सादी कार्नो याने १८२४ साली मांडलेल्या विचारांतून या नियमाचा उगम झाला. त्यानुसार २२ अंशांच्या हवेतून ५४ अंशांच्या पाण्यात उष्णता नेताना, निर्दोष यंत्राला एक युनिट विजेमागे दहा युनिट उष्णता देता येईल. प्रत्यक्षातील यंत्रे घर्षणादी कारणांमुळे तीन ते चार युनिटे देतात. बंगळूरची हवा कडाक्याची थंड कधीच नसते, म्हणून तेथील ‘विहीर’ वर्षभर उथळच राहते.

यंत्राची रचना

हे यंत्र घरातील शीतकपाटाहून, म्हणजे फ्रिजहून, तत्त्वतः वेगळे नाही. फ्रिज आतील उष्णता काढून स्वयंपाकघरात सोडतो. हे यंत्र हवेतील उष्णता काढून टाकीत सोडते. बंद नळ्यांतून एक सहज बाष्प होणारा द्रव फिरत असतो. पंखा त्या नळ्यांवरून हवा नेतो तेव्हा हवेची उष्णता शोषून त्या द्रवाची वाफ होते. संपीडक ही वाफ दाबतो, त्यामुळे ती चांगलीच तापते. टाकीभोवतीच्या वेटोळ्यातून जाताना ती आपली उष्णता पाण्याला देऊन पुन्हा द्रवरूप होते. शेवटी एका अरुंद झडपेतून दाब कमी होऊन द्रव गार होतो व पुन्हा हवेपाशी येतो. वीज लागते ती मुख्यत्वे संपीडकाला.

विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्व्हिन झालेला शास्त्रज्ञ, याने १८५२ साली या कल्पनेचा पुरस्कार केला. झुरिकच्या नगरभवनात १९३८ साली लिम्मात नदीच्या पाण्यातून उष्णता उपसणारे यंत्र बसविण्यात आले. जपानमध्ये २००१ पासून कार्बन डायऑक्साइडवर चालणारे घरगुती बंब विकले जाऊ लागले.

हिशेब

चौघांच्या कुटुंबाला रोज १०० लिटर पाणी २२ अंशांपासून ५२ अंशांपर्यंत तापवावयाचे आहे असे धरू. त्यासाठी ३,००० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे ३.५ युनिट उष्णता लागेल. गिझर तेवढीच वीज घेईल. तिप्पट फळ देणारा उष्णता-पंप सुमारे १.२ युनिट घेईल. रोजची बचत २.३ युनिट, वर्षाची सुमारे ८४०. युनिटमागे सहा रुपये धरले तर वर्षाला पाच हजार रुपये वाचतील. एका युनिटमागे सुमारे ०.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो असे धरल्यास, तोही जवळजवळ ६०० किलोग्रॅमने घटेल.

तथापि यंत्राची किंमत साध्या गिझरच्या कित्येक पट असते. गिझरपेक्षा ५०,००० रुपये अधिक पडले, तर ते फिटण्यास दहा वर्षे लागतील. पाण्याचा वापर दुप्पट असेल, किंवा दोन कुटुंबांनी मिळून एकच यंत्र घेतले, तर तीच मुदत पाच वर्षांवर येईल. म्हणून एकट्या-दुकट्या माणसाने घाई करू नये. मोठ्या कुटुंबाने, वसतिगृहाने वा इस्पितळाने मात्र विलंब करू नये. आणखीही एक विचार आहे. २०२३ च्या ‘गृहज्योती’ योजनेने कर्नाटकातील पात्र घरांना मासिक २०० युनिटांच्या मर्यादेत वीज विनामूल्य झाली. ज्या घराला देयकच येत नाही, त्याला बचतीचा रुपया दिसत नाही. पण राज्याची वीज मात्र वाचते.

घेण्यापूर्वी

यंत्राला मोकळी हवा लागते; कोंदट खोलीत ते तीच ती हवा गार करीत बसते. सज्जा किंवा धुण्याभांड्याची मोकळी जागा त्यास योग्य. त्यातून ठिबकणाऱ्या पाण्यास वाट हवी, आणि त्याची घरघर शेजाऱ्याच्या उशाशी येऊ नये. कूपनलिकेचे जड पाणी असेल तर टाकीत क्षार साचतात; शिवाय टाकी गंजू नये म्हणून तीतील मॅग्नेशियमची कांडी वेळोवेळी तपासावी. साठलेल्या कोमट पाण्यात अपायकारक जंतू वाढू नयेत म्हणून ते अधूनमधून ६० अंशांपर्यंत तापवावे. हे यंत्र पाणी सावकाश तापविते. ऐन वेळी कळ दाबून चालत नाही.

परंतु हा सावकाशपणा गुणच ठरू शकतो. दुपारी दोनच्या सुमारास हवा अधिक उबदार असते, म्हणजे विहीर अधिक उथळ असते. आणि त्याच वेळी तुमकूर जिल्ह्यातील पावगडासारख्या, २,०५० मेगावॉट क्षमतेच्या सौर उद्यानांची वीज विपुल असते. तेव्हा पाणी तापवून राखून ठेवावे व पहाटे वापरावे. गच्चीवर जागा न मिळालेल्या घरालाही अशा रीतीने सूर्याचा वाटा मिळतो.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक अमूल्य रेड्डी (१९३०–२००६) यांनी कर्नाटकाच्या ऊर्जेचा विचार करताना आग्रहाने सांगितले, की लोकांना वीज हवी नसते, तिच्यामुळे होणारे काम हवे असते. म्हणून नवे वीजकेंद्र उभारण्यापूर्वी ते काम थोडक्या ऊर्जेत होईल काय हे पाहावे. न्हाणीघरातील बादलीभर ऊन पाणी हे असेच एक काम आहे. ते कोणत्या मार्गाने करावयाचे, याचा निर्णय प्रत्येक कुटुंबाने आपली माणसे, आपली जागा आणि आपले देयक पाहून करावा. त्यास लागणारे गणित शाळेतल्या मुलालाही येण्याजोगे आहे.