मुंगीची वाट, निरोपाची वाट



गेल्या पावसाळ्यात मी सातपुड्यातल्या एका पाड्यावर मुक्कामी होतो. रात्री एका बाईला बाळंतकळा सुरू झाल्या. मोबाइल होते, पण रेंज नव्हती. तिचा दीर अंधारात टेकडी चढून गेला, तेव्हा कुठे १०८ ला फोन लागला. बाई आणि बाळ सुखरूप आहेत. पण तो पाऊण तास मी विसरलेलो नाही.

हे ऐकून एका देणगीदार बंधूंनी विचारले, "टॉवरशिवाय यंत्रे एकमेकांना निरोप पोचवतात म्हणे. अशी यंत्रे आपण पाड्याला द्यावीत का?" उत्तर शोधताना जे समजले ते सांगतो.

अशा जाळ्याला अ‍ॅड-हॉक नेटवर्क म्हणतात. त्यात प्रत्येक यंत्र शेजारच्या यंत्राकडे निरोप देते, ते पुढच्याकडे. अडचण अशी की माणसे हिंडतात, बॅटरी संपते आणि मघाची वाट आता राहत नाही. मग वाट शोधायची कोणी?

इथे मुंग्या कामी आल्या. १९८९ मध्ये ब्रुसेल्सच्या संशोधकांनी वारूळ आणि अन्न यांच्यामध्ये एक आखूड व एक लांब वाट ठेवली. मुंगी चालताना गंध सोडते. आखूड वाटेच्या मुंग्या लवकर परततात, म्हणून तिथे गंध लवकर साठतो आणि मागच्या मुंग्या तीच वाट धरतात. वाट मोडली की गंध उडून जातो.

याच तत्त्वावर १९९८ मध्ये जानी दी कारो आणि मार्को दोरिगो यांनी 'अँटनेट' ही पद्धत मांडली. २००४ मध्ये स्वित्झर्लंडमधील लुगानोच्या संशोधकांनी हिंडत्या बिनतारी यंत्रांसाठी 'अँटहॉकनेट' तयार केली. तिच्यातली मुंगी म्हणजे सॉफ्टवेअर एजंट, एक छोटा संदेश. निरोप पाठवायचा असेल तेव्हा अशा मुंग्या पुढे निघतात. मुक्कामी पोचलेली मुंगी त्याच वाटेने परत येते आणि ही वाट किती चांगली, याचा आकडा प्रत्येक यंत्रात लिहून ठेवते. तो आकडा म्हणजे तिचा गंध. निरोप जास्त गंधाच्या वाटांनी जातात. मधूनमधून नव्या मुंग्या आणखी चांगली वाट धुंडाळतात. दुवा तुटला, तर शेजाऱ्यांना कळवले जाते. सगळ्या जाळ्याचा नकाशा कोणाकडेच नसतो.

मात्र तिच्या मूळ चाचण्या संगणकावरच्या आभासी जाळ्यात झाल्या, डोंगरात नव्हे. शिवाय मुंग्या कितीही हुशार असल्या, तरी दोन यंत्रे एकमेकांच्या टप्प्यात नसतील तर वाट उरतच नाही. साध्या वाय-फायचा टप्पा मोकळ्यावर साधारण शंभर मीटरचा. आपल्या पाड्यावर दोन घरांतले अंतर कित्येकदा त्याहून जास्त, त्यात मध्ये टेकडी. आणि निरोप रुग्णवाहिकेपर्यंत जायचा, तर साखळीचे एक टोक रेंजमध्ये हवेच.

म्हणून त्या बंधूंना मी कळवले: आज यंत्रे घेऊ नका. आधी पाड्यापासून टेकडीपर्यंत चालून अंतर मोजू. मध्ये खांब कुठे रोवता येईल, तिथे सौरऊर्जेची सोय होईल का आणि बिघाड झाल्यास गावातला कोण दुरुस्त करील, हे पाहू. ही तीन उत्तरे मिळाली तरच पैसा घालू. पाऊस उघडला की ते स्वतः चालायला येणार आहेत. तुम्हीही या.