वजूचे पाणी आणि शहराची तहान

रमजानच्या महिन्यात छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वस्त्यांत दोन वेळापत्रके सांभाळावी लागतात. एक सहर आणि इफ्तारचे. ते छापील असते. दुकानदार आपल्या जाहिरातीसह ते वाटतात आणि घरोघरी फ्रिजच्या दारावर ते चिकटवले जाते. दुसरे नळाच्या पाण्याचे. गल्लीतल्या कोणीतरी लाइनमनला फोन करतो आणि ‘आज रात्री पाणी आहे’ एवढा निरोप दारोदार फिरतो. पहिले वेळापत्रक मिनिटाला पक्के असते. दुसरे कधी दोन तास, तर कधी दोन दिवस पुढे सरकते.

रोजा म्हणजे पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्नपाणी वर्ज्य, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण या महिन्यात घराची पाण्याची गरज कमी होत नाही, उलट वाढते. हे स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाईला नेमके कळते. सहरीची भांडी, इफ्तारची भांडी, तरावीहच्या नमाजनंतर पुन्हा जेवणाची भांडी. फळे धुवायची, सरबत करायचे, हरभरे भिजत घालायचे. त्यात पाच वेळच्या नमाजसाठी घरातल्या प्रत्येकाचा वजू, म्हणजे हात, तोंड, पाय धुऊन शुद्ध होणे. नळाची पाळी रात्री दोनला आली, तर आधी मोटर लावायची, टिपाडे भरायची आणि मगच सहरीसाठी तवा चढवायचा. झोप तेवढी राहून जाते.

ही ओढाताण एकट्या मुस्लिम वस्त्यांची नाही. रोशन गेट, किराडपुऱ्यात जी टिपाडे दिसतात, तीच गुलमंडी, राजाबाजार आणि सिडको-हडकोतही दिसतात. 2001च्या जनगणनेत पावणेनऊ लाखांच्या घरात असलेले हे शहर 2011मध्ये पावणेबारा लाखांवर गेले आणि त्यानंतरही चहूबाजूंनी पसरत राहिले. पैठणजवळच्या जायकवाडी धरणातून पाणी आणणाऱ्या 700 आणि 1400 मिलिमीटर व्यासाच्या जुन्या वाहिन्या मात्र मागच्या शतकातल्या. त्यामुळे पाण्याला दिवसांचे खंड पडले. कुठे चार-पाच दिवसांनी पाणी, कुठे आठवड्याने. सातारा-देवळाईसारख्या वाढत्या भागांत तर टँकरचीच सवय झाली. 2500 मिलिमीटर व्यासाच्या वाहिनीची नवी योजना 1680 कोटी रुपयांची म्हणून मंजूर झाली, तिचा खर्च पुढे 2740 कोटींवर गेला. या आकड्यांची चर्चा चहाच्या टपरीवर होते, तशी तरावीहनंतर मशिदीच्या पायऱ्यांवरही होते.

शहराचा इतिहास पाहिला, की ही तहान जास्त बोचते. मलिक अंबरने 1610मध्ये खडकी वसवली, तेव्हा राजधानीपुढचा पहिला प्रश्न पाण्याचा होता. इथिओपियातून गुलाम म्हणून आलेल्या आणि निजामशाहीचा वजीर झालेल्या या माणसाने उत्तरेकडच्या डोंगराळ भागातले झिरपते पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात आणले. तीच नहर-ए-अंबरी. पुढे अशा आणखी नहरी झाल्या. खाम नदीच्या काठची पाणचक्की त्यातल्याच एका नहरीवर फिरत असे. हजरत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातल्या या चक्कीत दळलेले पीठ फकीर, विद्यार्थी आणि वाटसरूंच्या जेवणासाठी वापरले जाई. नहरीचे पाणी घराघरातल्या हौदांत पोहोचत होते आणि ते घर कोणत्या धर्माचे, हे पाण्याला विचारावे लागत नव्हते.

इस्लाममध्ये पाण्याचा विचार वजूपासून सुरू होतो. प्रेषित मुहम्मद (स.) एक ‘मुद्द’ पाण्यात वजू करीत आणि एक ‘साअ’, म्हणजे चार मुद्द पाण्यात अंघोळ करीत, असे हदीसमध्ये नोंदलेले आहे. मुद्द हे अरबस्तानातले जुने माप. आजच्या हिशेबाने ते पाऊण लिटरच्या आत-बाहेर भरते. म्हणजे पाण्याच्या एका बाटलीत वजू आणि तीन लिटरच्या आसपास अंघोळ. वाहत्या नदीकाठी बसून वजू केला, तरी गरजेपेक्षा जास्त पाणी वापरू नये, अशी शिकवण देणारा प्रसंगही हदीसच्या संग्रहांत आहे. वाळवंटातल्या माणसांना सांगितलेली ही गोष्ट आठवड्याने नळ येणाऱ्या शहरात वेगळी समजावून सांगावी लागू नये.

तरीही ती सांगावी लागते. जुन्या मशिदींत वजूसाठी हौद असे. ओंजळीने पाणी घ्यायचे, वापरलेले पाणी बाहेरच्या पन्हळीत जायचे. ओंजळीत मावेल तेवढेच पाणी खर्च होई. घरात तोटीचा लोटा असे, त्याला दख्खनीत बदना म्हणतात. एका बदन्यात एकाचा वजू आरामात होई. नळाच्या तोट्या आल्या आणि माप हरवले. मिनिटाला सहा लिटर पाणी सोडणारी तोटी दोन मिनिटे उघडी राहिली, की बारा लिटर गेले. डोक्यावरून ओला हात फिरवताना, शेजाऱ्याशी बोलताना, बाह्या वर सारताना ती सुरूच असते. हिशेब साधा आहे. पाचशे नमाजींनी एका वजूत प्रत्येकी चार लिटर वाचवले, तर एका नमाजला दोन हजार लिटर वाचतात. पाच नमाजांचे दहा हजार. म्हणजे रोज एक मोठा टँकर, तोही एका मशिदीतून.

यासाठी फार खर्चही लागत नाही. गळक्या तोटीचा वायसर बदलणे, दाबली तरच पाणी सोडणारी तोटी बसवणे, जुन्या पद्धतीने लोटे भरून ठेवणे आणि वजूचे पाणी गटारात सोडण्याऐवजी आवारातल्या झाडांकडे वळवणे, एवढ्यावर बरेच भागते. वजूचे पाणी म्हणजे हातपाय धुतलेले पाणी. झाडाला ते चालते. जुम्याच्या नमाजआधीच्या बयानात पाण्यावर दोन वाक्ये बोलली गेली, तर ती पाचशे घरांत पोहोचतात. पाणी मिळतच नसेल तर स्वच्छ मातीवर हात मारून तयम्मुम करण्याची मुभा कुरआननेच दिली आहे. पाण्यावाचून इबादत अडू नये आणि इबादतीच्या नावाने पाणी वाया जाऊ नये, ही दोन्ही तत्त्वे बरोबरीने चालतात.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2018मध्ये तो ऐन मे महिन्यात आला होता. पुढच्या काळात तो हिवाळ्याकडे जातो आहे. मधल्या वर्षांत त्याची गाठ गुढीपाडव्याशी पडली. 2024मध्ये पाडवा 9 एप्रिलला आणि ईद 11 एप्रिलला होती. 2025मध्ये पाडवा 30 मार्चला, तर ईद दुसऱ्याच दिवशी, 31 मार्चला. दोन्ही सणांना घर धुऊन काढायचे, पडदे-चादरी धुवायच्या, पाहुण्यांसाठी पाणी राखायचे. एका घरी पुरणाची तयारी, शेजारच्या घरी शीरखुर्म्याची. गल्ली एक असली, तर नळाची पाळीही एकच. अशा वेळी एकाने मोटर लावून पाणी ओढले, की पुढच्या घराचा नळ फुसफुसतो. सणाच्या तोंडावर होणारी भांडणे बहुधा याच मोटरीवरून होतात. जिथे पाळीने मोटर लावायचे ठरते, जिचा हौद आधी भरला ती भाभी शेजारच्या काकूंना पाइप देते, तिथे दोन्ही सण नीट पार पडतात. सलोख्यावरच्या भाषणांपेक्षा त्या पाइपचा उपयोग अधिक होतो.

रमजानमध्ये दानाला विशेष महत्त्व आहे. साद इब्न उबादा यांनी आपल्या दिवंगत आईच्या नावाने कोणते दान करावे असे विचारले, तेव्हा प्रेषितांनी पाण्याचे दान सुचवले आणि साद यांनी विहीर खोदली, असे हदीस सांगते. रस्त्याकडेच्या सबीलमागे हाच विचार आहे. पाणी, चारा आणि आग यांत सगळ्या माणसांचा वाटा आहे, अशीही शिकवण आहे. तिथे ‘माणसांचा’ म्हटले, की त्यात कोणी वगळले जात नाही.

पाइपलाइन वेळेत पूर्ण करणे, गळती थांबवणे, शेवटच्या गल्लीपर्यंत दाबाने पाणी देणे ही महापालिकेची जबाबदारी आहे. कोणाच्याही संयमाने ती कमी होत नाही आणि ती मागण्यासाठी सगळ्या वस्त्यांना एकत्रच उभे राहावे लागेल. घरातली, मशिदीतली उघडी तोटी बंद करणे मात्र आजच्या आज हातात आहे. दिवसभर पाण्याचा घोट टाळणाऱ्याला त्या घोटाची किंमत कोणी सांगायला नको. ईदचा चांद दिसला, की रोजे संपतील. नळाची पाळी त्यानंतरही चुकणार नाही. तेव्हा रमजानने लावलेली मापाची सवय टिकली, तर तिचा फायदा शेजारच्या घरालाही होईल.