ससून डॉक : परदेशी ताटाची पहिली नोंद

कुलाब्यात उतरून वासाच्या रोखाने चालू लागलं की ससून डॉकचा पत्ता विचारावा लागत नाही. अल्बर्ट ससून यांनी समुद्रात भराव घालून १८७५ मध्ये बांधलेली ही गोदी कापसाच्या व्यापारासाठी होती. आज तिथे उतरते ती मासळी, आणि तिच्यातली बरीच परदेशी जाते.

डॉक पाहायचा तर पहाटे. आठ-दहा दिवस समुद्रात काढून आलेल्या ट्रॉलरमधून बर्फातली माकूळ, बला, राणी मासा, कोळंबी धक्क्यावर येते. लिलाव पुकारले जातात, बायका कोळंबी सोलायला बसतात आणि व्यापाऱ्यांचे टेम्पो प्रक्रिया कारखान्यांकडे निघतात.

या गडबडीतच निर्यातीचा कागद जन्म घेतो. युरोपीय संघाने १ जानेवारी २०१० पासून समुद्रात पकडलेल्या मासळीसाठी ‘कॅच सर्टिफिकेट’ सक्तीचं केलं. कोणत्या बोटीने, कुठे, कोणता मासा, किती पकडला, हे त्यात लिहावं लागतं. आपल्याकडे त्यावर शिक्कामोर्तब करते ती ‘एम्पेडा’, म्हणजे सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण. अडचण अशी, की एकाच व्यापाऱ्याच्या टेम्पोत अनेक बोटींचा माल एकत्र होतो. क्रेटवर बोटीचा नंबर तिथल्या तिथे लागला नाही, तर पुढे कारखान्यातला संगणकही तो शोधून देऊ शकत नाही.

स्वच्छतेचंही तेच. माकुळीच्या पाचक ग्रंथीत कॅडमियम साठतं. बर्फ कमी पडून ती फुटली, की ते मांसात उतरतं. बांगड्यासारख्या माशात उष्णतेने तयार झालेलं हिस्टामिन तर शिजवूनही जात नाही. म्हणजे कारखान्यात उणे अठरा अंशांची शीतगृहं कितीही असोत, धक्क्यावर बिघडलेला मासा तिथे सुधारत नाही.

याचा धडा १९९७ मध्ये मिळाला. युरोपीय निरीक्षकांना त्रुटी आढळल्या आणि भारतीय मासळीला काही महिने युरोपची दारं बंद झाली. त्यानंतर कारखान्यांवर मोठा खर्च झाला. पण साखळीची पहिली कडी धक्क्यावर आहे. वाहतं स्वच्छ पाणी, धुता येणारी फरशी, सावलीतला लिलाव आणि पुरेसा बर्फ, एवढं इथे मिळालं तर प्रमाणपत्रावरच्या शब्दांना वजन येईल.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरबंदी असते. त्यामुळे डॉक पाहायला बंदी उठल्यावर जावं, आणि पायात रबरी बूट घालावेत.